नाल्यात उतरणारे आपले, नाल्याचा हिशेब मांडणारे कोण?

दरवर्षी मे महिना सरत आला की मिरा-भाईंदरमध्ये नालेसफाईच्या आकड्यांचा सुकाळ होतो. इतका गाळ काढला, तितके नाले मोकळे केले, अशी पत्रके निघतात. जून-जुलैत भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की ही सारी पत्रके पाण्यावर तरंगू लागतात. मग ठरलेला क्रम. गुडघाभर पाणी, पुढाऱ्यांची पाहणी, पंचनामे, वर्तमानपत्रांत छायाचित्रे. यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हाला आज यातल्याच एका वेगळ्या प्रश्नाकडे समाजाचे लक्ष वेधायचे आहे. नाल्यात उतरून गाळ उपसणारे हात कोणाचे आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या हातांची जात सांगायला जनगणनेची गरज नाही. पण तो नाला किती रुंद असावा, भरतीच्या वेळी खाडीचे पाणी कोठवर चढेल, कोणती वस्ती पुराच्या पट्ट्यात आणि कोणता टॉवर सुरक्षित, हा हिशेब कोण मांडतो? तो मांडायला कोणते शिक्षण लागते? आणि त्या शिक्षणाच्या दारावर बसून कोण कोणाला आत घेतो, कोणाला परत पाठवतो?

खाडीच्या पलीकडे विरारमध्ये एप्रिल २०२४ मध्ये सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा २०१३ चा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरणाऱ्याच्या वारसांना ३० लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला, त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. कायदा आहे, निकाल आहे, भरपाई आहे, तरी माणूस उतरतोच आहे. याच्या विरोधात चळवळ लढते आहे आणि लढलेच पाहिजे. मात्र मरणाऱ्याच्या भरपाईसाठी लढणारी आणि नाल्याच्या नकाशापासून चार हात दूर राहणारी चळवळ अर्ध्याच रणांगणावर उभी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी आपल्या शहराचीच गोष्ट घेऊ. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरे, तिवरे व खाजणाची सखल जमीन. डोंगरावर पडलेले पाणी काशिमिऱ्याकडून उतरते, महामार्गाखालच्या मोऱ्यांतून, मग रेल्वेच्या भरावाखालच्या मोऱ्यांतून वाट काढत खाडीकडे जाते. खाडीला भरती असली तर खाडी ते पाणी घेत नाही, उलट मागे लोटते. पूर्वी हे थोपलेले पाणी मिठागरांत आणि खाजणात पसरून बसत असे. ओहोटी लागली की निघून जाई. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली. ही माणसे कोठे राहिली? भराव टाकलेल्या खाजणावर. म्हणजे पाणी पसरण्याची जी जागा होती तीवर आपण राहायला गेलो आणि आता पाणी आपल्या घरात पसरायला येते. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी जोते उंच केले. ज्यांच्याकडे नव्हता ते त्या उंच जोत्यांच्या मधल्या खळग्यात राहिले. एका सोसायटीने भराव टाकला की शेजारची झोपडपट्टी आपोआप तळे होते. त्यात आभाळाचा काही दोष नाही.

आता या पाण्याचे शास्त्र म्हणजे जलविज्ञान. या विषयावर आंबेडकरी पत्रांतून फारसे लिहिले जात नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद होती जेमतेम ७४ मिलिमीटरची. एकच शहर, एकच दिवस आणि बारा पटींहून अधिक फरक! दोन वेधशाळांवर सव्वा कोटी लोकांचा जीव टांगलेला होता, हे त्या दिवशी कळले. म्हणून नंतर मुंबईत जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले गेले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१० मध्ये शहरी पुराबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात लहानमोठ्या सर्व शहरांत दर चार चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा असे सांगितले आहे. पवई येथील आयआयटी मुंबईचे प्रा. कपिल गुप्ता हे शहरी पुराच्या अभ्यासातील जाणते नाव. ही तत्त्वे घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

त्याच आयआयटीतील दुसरे जलविज्ञानाचे प्राध्यापक म्हणजे सुबिमल घोष. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. प्रदीप मुजुमदार यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. २०१९ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांचे काम समजायला गणित कठीण आहे, पण निष्कर्ष प्रत्येक झोपडीधारकाने समजून घेण्यासारखे आहेत. २०१२ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मांडले की देशात अतिवृष्टीचा कल सर्वत्र सारखा वाढता किंवा घटता नाही, पण एका जागेत आणि दुसऱ्या जागेत फरक वाढत चालला आहे. म्हणजे सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्यातला तो फरक हा केवळ एका दिवसाचा चमत्कार समजून सोडून देता येणार नाही. २०१६ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की जंगल तोडून शेतजमीन केली की झाडांवाटे हवेत जाणारी वाफ कमी होते आणि त्यामुळे मान्सूनचा पाऊसही कमकुवत होतो. २०१७ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या पुढाकाराने जो शोधनिबंध आला त्यातही घोष सहलेखक होते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यात दाखवले आहे. मुंबईसाठी पाणी कोठे तुंबेल याचा अंदाज देण्याचे कामही त्यांच्या गटाने हाती घेतले. तिथपर्यंत ठीक. पण मुंबईसाठी म्हणजे मुंबईसाठी. दहिसरच्या चेकनाक्यावर महापालिकेची हद्द संपते, ढगांची संपत नाही!

हे शास्त्र आमच्यासारख्या वकिली करणाऱ्यांच्या रोजच्या कामाशी कसे भिडते ते पाहा. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमच्या भागात खाडी असल्यामुळे त्याऐवजी भरतीरेषा आणि तिवरांपासून पन्नास मीटरचा पट्टा महत्त्वाचा ठरतो. तिवरांच्या संरक्षणाचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश ऑक्टोबर २००५ चा आणि अंतिम निकाल सप्टेंबर २०१८ चा. तिवरे वाचलीच पाहिजेत, याबद्दल आमचे दुमत नाही. तिवरे गेली तर पहिले पाणी आमच्याच घरात येणार. पण रेषेच्या आत कोण आणि बाहेर कोण, यावर कोर्टात वाद होतो तेव्हा झोपडीच्या बाजूने कागद काय असतो? रेशनकार्ड, विजेचे बिल आणि फोटोपास. समोरच्या बाजूने तज्ज्ञाचा अहवाल, नकाशा, पातळ्यांचे तक्ते. रेशनकार्डाने माणसाचे वास्तव्य सिद्ध होते, पाण्याची पातळी सिद्ध होत नाही. बिल्डरला अहवाल विकत मिळतो. वस्तीला तो कोणी लिहून देणारा नाही. न्यायाधीशांनी विचारले की या अहवालातील गृहीतक चूक आहे असे तुमचे म्हणणे असेल तर तुमचा तज्ज्ञ कोण, तर आम्ही कोणाचे नाव घ्यायचे?

आणि गृहीतके चूक असू शकतात, हेच तर घोष यांच्यासारख्यांचे संशोधन सांगते. 'पंचवीस वर्षांतून एकदा' याचा अर्थ पुष्कळ लोक असा घेतात की यंदा आला, आता पंचवीस वर्षे निवांत. तसे नाही. दरवर्षी शंभरात चार एवढी शक्यता असा त्याचा अर्थ आहे. हिशेब करून पाहिला तर तीस वर्षांत तो पूर निदान एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सत्तरच्या आसपास जाते. म्हणजे तीस वर्षांच्या गृहकर्जावर घर घेतलेल्याने कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी ते पाणी पाहण्याची तयारी ठेवावी. त्यातही हा हिशेब जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेला. पाऊसच बदलला तर जुनी रेषा आज खोटी ठरते. मग ती नव्याने कोण आखणार? आखताना भराव टाकणाऱ्याकडे पाहणार की भरावाने बुडणाऱ्याकडे?

येथे एक गोष्ट साफ सांगतो. वर उल्लेखिलेल्या कोणाही प्राध्यापकावर आमचा काही आरोप नाही. त्यांनी केलेले काम समाजाच्या उपयोगाचे आहे. आमचा प्रश्न त्यांच्या पुढच्या पिढीचा आहे. मुजुमदारांच्या हाताखाली घोष तयार झाले, घोषांच्या हाताखाली आज दुसरे तयार होत आहेत. आजचा पीएच.डी.चा विद्यार्थी हाच उद्याचा प्राध्यापक, परवाचा सरकारी समितीचा सदस्य आणि त्यानंतर न्यायालयाने नेमलेला तज्ज्ञ. या साखळीत आपला मुलगा, आपली मुलगी कोणत्या कडीला आहे?

पाण्याचे शास्त्र आणि आपण यांचा संबंध काय, असे कोणी विचारील तर त्याला बाबासाहेबांचे १९४२ ते १९४६ चे काम वाचायला द्यावे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. तो आपल्या मुलांना तोंडपाठ असतो आणि असायलाच हवा. पण व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खातीही बाबासाहेबांकडे होती, दामोदर खोरे योजनेची पायाभरणी त्यांनी केली, आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वज संस्था १९४५ साली त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली, हे किती विहारांत सांगितले जाते? १९४३ साली दामोदरला महापूर आला. त्याच्या चौकशी समितीवर मेघनाद साहा हे पदार्थवैज्ञानिक होते. साहा खालच्या मानलेल्या जातीत जन्मलेले. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण विद्यार्थ्यांच्या भेदभावाचा चटका सोसलेले. नदीचा अभ्यास प्रयोगशाळेत झाला पाहिजे, असे ते पूर्वीपासून सांगत होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्यासारखे प्राधिकरण येथे हवे, हा विचार त्यांनी लावून धरला आणि त्या दिशेने राज्ययंत्रणा हलवली बाबासाहेबांनी. ज्यांना तळ्याला शिवू दिले जात नव्हते त्या समाजाच्या नेत्याने देशाच्या नद्यांचे नियोजन केले! हा इतिहास कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

१९४२ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात शिक्षणाविषयी जे म्हटले आहे त्याचा आशय असा की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे आणि ते सरकारच्या मदतीशिवाय आपल्या मुलांना परवडणारे नाही. स्वतः बॅरिस्टर असलेल्या माणसाने हे लिहिले. आम्ही वकील मंडळींनी हे जरा मनाला लावून घ्यायला हरकत नाही. आज आपल्या वस्त्यांत एलएल.बी. झालेले पुष्कळ सापडतात, पाण्यात पीएच.डी. झालेला शोधावा लागतो.

तर आता त्या दाराकडे वळू. पवईला जलसंपदा अभियांत्रिकीत एम.टेक. करायचे तर सिव्हिल किंवा जवळच्या शाखेची पदवी आणि 'गेट' ही परीक्षा लागते. पीएच.डी.साठी साधारणपणे साठ टक्क्यांची अट आहे, अनुसूचित जाती-जमातींना ती पंचावन्न टक्के. अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी, किंवा एम.एस्सी. आणि गेट वा नेट, किंवा उत्तम गुणांची चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी आणि गेट, असे वेगवेगळे मार्ग आहेत. हवामान अभ्यासाच्या केंद्रात तर निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी जाऊ शकतात. गेटमध्ये पात्र ठरण्याची गुणमर्यादा अनुसूचित जाती-जमातींसाठी सर्वसाधारण मर्यादेच्या दोनतृतीयांश असते, फी निम्मी असते. २०२१ पासून पर्यावरण विज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका सुरू झाली आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षात असतानाही परीक्षा देता येऊ लागली. हे सर्व कागदावर उत्तम आहे. पण जेईई मेन २०२१ पासून मराठीत देता येते, गेट मात्र आजही इंग्रजीतच. नगरपालिकेच्या शाळेतून डिप्लोमा आणि तेथून पदवी असा चढत आलेला आपला मुलगा पाण्याच्या प्रवाहाचे समीकरण सोडवू शकतो, प्रश्नाचे इंग्रजी सोडवताना थकतो. शिवाय गेट पास होणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. मुलाखतीला कोणाला बोलवायचे त्याची मर्यादा प्रत्येक विभाग स्वतंत्रपणे ठरवतो. आणि खरा खेळ तेथून सुरू होतो.

आकडे पाहा. केंद्र सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार २०१५ ते २०१९ या काळात देशभरातील आयआयटींनी पीएच.डी.ला जे प्रवेश दिले त्यांत अनुसूचित जातींचे विद्यार्थी ९.१ टक्के आणि अनुसूचित जमातींचे २.१ टक्के होते. कायद्याने हवेत १५ आणि साडेसात. म्हणजे आदिवासींच्या चार जागांपैकी जेमतेम एक भरली. पदवीच्या वर्गात गर्दी दिसते, संशोधनाच्या खोलीत आपण दिसत नाही.

हे कसे घडते याचे कायदेशीर मर्म समजून घेतले पाहिजे. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेश आरक्षणाचा कायदा २००६ चा, तो २००७ च्या जानेवारीत लागू झाला. त्याचे तिसरे कलम सांगते की प्रत्येक शाखेतील वार्षिक मंजूर प्रवेशसंख्येच्या १५ टक्के, साडेसात टक्के आणि २७ टक्के जागा अनुक्रमे अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी राखीव असाव्यात. 'वार्षिक मंजूर प्रवेशसंख्या' हे शब्द नीट वाचा. बी.टेक.ला जागांची संख्या आधी जाहीर होते, म्हणून तेथे १५ टक्के काढता येतात. पीएच.डी.ला 'योग्य उमेदवार मिळाले तितके घेऊ' असा पवित्रा घेतला की मूळ संख्याच नाहीशी होते. मग १५ टक्के कशाचे? शून्याचे? आरक्षण नाकारले असे कोणी म्हणत नाही, फक्त ज्या आकड्याचे टक्के काढायचे तो आकडाच लिहीत नाहीत. आम्ही कोर्टात अनेक युक्त्या पाहिल्या, पण इतकी सुबक क्वचित पाहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयआयटींना संशोधन प्रवेशात आणि प्राध्यापक भरतीत आरक्षण पाळण्यास सांगितले. ते पाळले जाते की नाही हे विभागवार आकड्यांखेरीज कळणार नाही.

आता मुलाखत. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने एके काळी १०० गुणांची लेखी परीक्षा आणि ५० गुणांची मुलाखत ठेवली होती. अजय हासिया खटल्यात १९८० च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की प्रवेशासाठी मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे हा मनमानीपणा आहे. यानंतर छत्तीस वर्षांनी, २०१६ साली, विद्यापीठ अनुदान आयोगाने काय करावे? लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती आणि निवड शंभर टक्के मुलाखतीवर, असा नियम काढला! त्याच वर्षी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या अब्दुल नफे समितीने लेखी आणि तोंडी गुणांतील तफावत सर्व सामाजिक गटांत तपासली, ती भेदभावाकडे बोट दाखवते असे म्हटले आणि मुलाखतीचे गुण तीसवरून पंधरावर आणावेत असे सुचवले. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो शंभर टक्के मुलाखतीचा भाग रद्द केला. आता विद्यापीठांसाठी २०२२ च्या नियमांत ७० आणि ३० असे प्रमाण आहे. ते पंधराच्या दुप्पट आहेच. आणि आयआयटी या नियमांच्या कक्षेत येत नाहीत, त्यांची प्रवेशपद्धती त्या स्वतः ठरवतात आणि तेथे मुलाखतीचे वजन मोठे असते.

मुलाखतीत काय विचारतात? विषयाचे प्रश्न विचारतात, ते विचारलेच पाहिजेत. पण त्याआधीच आडनाव वाचलेले असते, प्रवर्गाचा रकाना पाहिलेला असतो आणि इंग्रजी ऐकलेले असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये पवईच्या आवारात एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थेला लेखी सूचना काढावी लागली की विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईईचा क्रमांक किंवा गेटचे गुण विचारू नयेत, कारण त्यातून जात शोधली जाते. विद्यार्थ्यांना हे सांगावे लागते, तर मुलाखत घेणाऱ्यांना ते सांगण्याची गरज नाही काय?

मुलाखत घेणारे कोण, हेही पाहू. २०१८ च्या सुमाराच्या सरकारी माहितीप्रमाणे २३ आयआयटींत मिळून ६,०४३ प्राध्यापक होते. त्यांत अनुसूचित जातींचे १४९ आणि जमातींचे २१. म्हणजे बहुतेक मुलाखत मंडळांत आपला माणूस असणे गणितानेच अशक्य. यावर उपाय म्हणून २०१९ साली प्राध्यापकांच्या पदांतील आरक्षणाचा कायदा झाला. तो आयआयटींना लागू आहे. २०२० मध्ये केंद्राने एक समिती नेमली, आयआयटी दिल्लीचे तत्कालीन संचालक व्ही. रामगोपाल राव तिचे अध्यक्ष. काम असे की आरक्षण परिणामकारकपणे कसे राबवावे ते सांगा. समितीने सांगितले की आयआयटींना शिक्षक आरक्षणातून वगळा! औषध कसे घ्यावे विचारले तर बाटली फेकून द्या म्हणाले. त्याच अहवालात एक सूचना मात्र चांगली होती. पीएच.डी.ची आकांक्षा असलेल्या राखीव प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षे संशोधन साहाय्यक म्हणून तयार करावे, अशी. वगळण्याच्या शिफारशीवर आपण बोललो आणि बरोबरच बोललो. या दुसऱ्या सूचनेचा पाठपुरावा कोणी केला?

पैशाबद्दल फार लांबण लावत नाही. २०२३ पासून संशोधकाची अधिछात्रवृत्ती पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. घरात कमावता एकच असलेल्या कुटुंबात ही रक्कम पगारासारखी येते, फक्त ती वेळेवर आली पाहिजे. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२३ साली आझाद मैदानावर आपल्या संशोधकांना ठाण मांडून बसावे लागले. पात्र ८६१ आणि देऊ केलेल्या जागा २००. परदेशी शिक्षणाच्या केंद्रीय शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत. जुलै २०२५ मध्ये १०६ जणांची निवड जाहीर झाली आणि सुरुवातीला पत्रे गेली चाळीस जणांना, बाकीच्यांनी निधीची वाट पाहावी. बाबासाहेबांनी इंग्रज सरकारकडे मागणी केली तेव्हा त्या सरकारने वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद केली होती, एवढे नमूद करून पुढे जातो.

आमच्याकडे येणाऱ्या पालकांना एका कागदाबद्दल मुद्दाम सावध करतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. परंतु केंद्रीय संस्थेत केवळ 'नवबौद्ध' लिहिलेला राज्याचा दाखला चालत नाही. अनुसूचीतील मूळ जातीचे नाव असलेला, केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. धर्म बौद्धच लिहावा, त्यात कचरू नये. दाखला मात्र गेटचा अर्ज भरण्याआधी काढून ठेवावा. तहसील कार्यालयाच्या फेऱ्यांत प्रवेशाची तारीख गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत. ही चूक कोणा मनुवाद्याची नसते, ती आपल्या माहितीच्या अभावाची असते.

मिरा-भाईंदरच्या विहारांतून स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन होते. एमपीएससी, पोलीस भरती, बँक. त्यात गेटचा एक वर्ग का असू नये? अर्ज साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. आपल्याच समाजातील सिव्हिल इंजिनीयर महापालिकांत, एमएमआरडीएत, रेल्वेत नोकरी करतात. रविवारचे दोन तास त्यांच्याकडून मागून घेता येतील. इंग्रजी प्रश्नपत्रिका मराठीतून समजावून सांगणारा एक शिक्षक मिळाला तर निम्मी भीती जाईल. वर्षातून दोनदा पीएच.डी.च्या जाहिराती निघतात, त्या सूचनाफलकावर लावायला खर्च येत नाही.

आणि माहिती अधिकाराचे दोन अर्ज. पहिला पवईला: सिव्हिल अभियांत्रिकी विभाग आणि हवामान अभ्यास केंद्र यांत गेल्या पाच वर्षांत पीएच.डी.ची मंजूर प्रवेशसंख्या प्रत्येक सत्रात किती होती, ती कोणत्या ठरावाने ठरली, प्रवर्गवार किती अर्ज आले, किती जणांना मुलाखतीला बोलावले, किती जणांना घेतले. दुसरा मिरा-भाईंदर महानगरपालिकेला: शहराचे क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस किलोमीटर आहे, २०१० च्या राष्ट्रीय तत्त्वांप्रमाणे येथे वीसच्या आसपास स्वयंचलित पर्जन्यमापक हवेत, ते किती आहेत, कोठे आहेत, त्यांच्या नोंदी कोण वाचतो आणि खाडीकाठच्या वस्त्यांना त्यांच्यावरून किती तास आधी सूचना दिली जाते. प्रत्येकी दहा रुपये शुल्क लागते. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. हे दोन्ही अर्ज आम्ही या आठवड्यात टाकत आहोत. उत्तरे आली, अथवा आली नाहीत, तरी याच पानावर कळवू.